बॉलला हात न लावणारी माणसं

टीव्हीवर जाड मानेची, सुटलेल्या पोटाची, गुडघ्याला पट्टे बांधलेली माणसं दिसायला लागली की मी ओळखते, आता आमच्या गल्लीतली पानं गळणार. कार्डिफमध्ये सप्टेंबर असाच येतो. कोपऱ्यावरच्या मोठ्या झाडाखाली तपकिरी चकचकीत बिया पडतात, शाळेची पोरं त्या खिशात भरून नेतात. हीटिंग लावावं का नको, यात माझे दोन आठवडे जातात. आणि रविवारी संध्याकाळी सहाला अमेरिकेतला फुटबॉल सुरू होतो. तिकडे तेव्हा दुपार असते. इकडे मी देवापुढं दिवा लावून, चहाचा कप घेऊन खुर्चीत बसलेली असते.

नाव फुटबॉल, पण पाय क्वचितच लावतात. बॉल न सोललेल्या नारळासारखा लांबट. तो एकजण फेकतो, एकजण झेलतो, एकजण पोटाशी धरून पळतो. लोक त्यांच्याकडे बघतात. मी गार्डकडे बघते. मधला माणूस वाकून बॉल पायांमधून मागं देतो ना, त्याच्या डाव्याउजव्या अंगाला जे दोघं वाकलेले असतात, ते गार्ड. समोरून अंगावर येणाऱ्याला अडवायचं, नाहीतर ढकलून मागच्याला वाट करून द्यायची, एवढंच त्यांचं काम. बॉलला हात लावायचा नाही. पंधरा पंधरा वर्षं खेळून बॉल एकदाही हातात न घेता घरी गेलेले गार्ड आहेत, असं आयरा सांगते.

आयरा माझी नात. माझा मुलगा मिलिंद केंब्रिजला असतो, लॅबमध्ये काम करतो, त्याची ही मुलगी. ती शिकायला कार्डिफला आली आणि इथल्या मुलींच्या टीममध्ये डावीकडची गार्ड झाली. नंबर सिक्स्टी-सिक्स. अंगानं भरलेली आहे, खांदे तिच्या आजोबांचे. आमच्या मंडळातल्या बायका गणपतीला तिच्या ताटात दोनच मोदक वाढायच्या आणि म्हणायच्या, "जरा बेताने हं." तिकडे टीममध्ये तिला पहिल्याच दिवशी विचारलं, एवढी मजबूत मुलगी आजवर कुठं होती. ती मला म्हणाली, "आजी, फर्स्ट टाईम कोणी माझं साईज बघून खूश झाला." ती मराठी अशीच बोलते. कळतं मला.

मला आठवतो तो तीन वर्षांपूर्वीचा सीझन. तसे सीझन नंतरही आले, पण माझ्या अंगाला लागला तो तोच.

त्या ऑगस्टात मालकांना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मालक इथल्या हॉस्पिटलात पोर्टर होते, सत्तावीस वर्षं. पोर्टर म्हणजे पेशंटची ट्रॉली ढकलायची. वॉर्डातून एक्स-रेला, एक्स-रेतून वॉर्डात, वॉर्डातून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत. लोक गावाकडे विचारायचे, तुमचे मालक हॉस्पिटलात काय करतात, तर माझे दीर सांगायचे, "डॉक्टरांच्या बरोबर असतात." मालक हसायचे. म्हणायचे, दारापर्यंत माझं काम, आतलं त्यांचं. पण एखादा पेशंट थिएटरला जायला घाबरला की सिस्टर मुद्दाम ह्यांनाच बोलवून घ्यायच्या. ट्रॉली हळू न्यायचे, वळणावर पेशंटचा खांदा धरायचे आणि पुढच्या गर्दीला ओरडायचे, "माइंड युअर बॅक्स!" म्हणजे बाजूला व्हा, मागून गाडी येतेय.

स्ट्रोकनंतर तेवढंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, जे हजारदा बोललेलं असतं ते कुठंतरी शिल्लक राहतं. माझं नाव नाही राहिलं, मुलाचं नाही. चहा हवा असला तरी "माइंड युअर बॅक्स". पाय दुखला तरी तेच. पहिल्यांदा मला वाईट वाटलं. मग सवय झाली. आवाजावरून कळायचं काय पाहिजे ते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग लावला, शेजारी कमोडची खुर्ची. हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं, घरी मदत लागेल, कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, बाई येऊन बघून जाईल आणि ठरवेल. त्याला असेसमेंट म्हणतात. मी तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि जी चूक करायची ती केली.

सकाळी चारला उठले. घर पुसलं. मालकांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. कमोड मागच्या खोलीत नेऊन त्यावर चादर टाकली. उदबत्ती लावली, वास राहू नये म्हणून. नवी साडी नेसले. पोहे केले, खोबरं कोथिंबीर घालून. ती बाई बिचारी चांगली होती, तरुण, पावसातून आलेली. तिला टॉवेल दिला, चहा दिला. तिनं फाईल उघडून विचारलं, "आर यू मॅनेजिंग?"

मी म्हणलं, "येस येस. ऑल फाईन."

रात्री उठावं लागतं का? थोडं थोडं. उचलायला जमतं का? जमतं. तुमची तब्येत? माय तब्येत गुड. जाताना तिनं पोह्यांची प्लेट अगदी रिकामी केली आणि म्हणाली, तुमचं घर किती छान आहे. मला बरं वाटलं. दोन आठवड्यांनी पत्र आलं. आठवड्यातून एक दिवस सकाळी एकजण आंघोळ घालायला येईल. बाकी कुटुंब समर्थ आहे.

मिलिंदनं फोनवर विचारलं, "आई, तू त्यांना काय सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं झेपतं का. म्हणलं झेपतं."

"झेपतं?"

"पाहुण्यासमोर काय रडायचं?"

"ती पाहुणी नव्हती गं आई."

त्याला कसं सांगायचं. लग्न होऊन मी साताऱ्याकडच्या एका वाडीत नांदायला गेले तेव्हा पंधरा वर्षांची होते. सहा महिन्यांनी मामा बघायला आला. त्या दिवशी चुलीवरचं भांडं उतरवताना माझा हात भाजला होता, मनगटापासून कोपरापर्यंत. मी पदराखाली हात धरून त्याला वाढलं. तो म्हणाला, "बरी हाईस ना पोरी?" म्हणलं, बरी आहे. तो जेवून समाधानानं गेला. सासूनं नंतर हाताला तूप लावलं आणि म्हणाली, "शहाणी आहेस." आयुष्यात शहाणी म्हणून घेतलेलं ते पहिलं. चौथीत शाळा सुटलेली, तिथं कोणी म्हणलं नव्हतं. मग तीच रीत धरून चालले. कार्डिफला आले तेव्हा एका खोलीत राहायचो, भिंतीला ओल, मिलिंदच्या छातीत कफ. हॉस्पिटलच्या किचनमध्ये मी ताटं धुवायची, हात सोलून निघायचे. गावी पत्रात लिहायला सांगायची, इकडे सर्व क्षेम.

मालक ब्याऐंशी किलो. मी एक्कावन्न. पलंगावरून कमोडवर, कमोडवरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दिवसा दर दोन तासांनी आणि रात्री दोनदा कुशीवर वळवायचं. घड्याळ लावायची गरज पडली नाही, अंगातच बसलं ते. ऑक्टोबर लागेपर्यंत माझी कंबर गेली होती. सकाळी मोजे घालताना मी भिंतीला टेकून थोडा वेळ थांबायची.

मिलिंद दर पंधरा दिवसांनी यायचा. तिकडे केंब्रिजला त्याच्या घराजवळ एक केअर होम त्यानं बघून ठेवलं होतं. खोलीला खिडकी, खाली बाग. तो वाईट नाही बोलला. म्हणाला, "आई, जानेवारीपर्यंत बघू. नाही झेपलं तर अप्पांना तिकडे नेऊ. मी रोज जाईन." मी मालकांकडे बघितलं. त्यांनी डाव्या हातानं पलंगाचा कठडा धरला होता. मिलिंदला वाटलं, बसताना आधाराला धरलाय.

म्हणजे माझ्याकडे एक सीझन होता. अर्थात सीझन हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. तो आयरानं आणला.

आयरा तेव्हा पहिल्या वर्षाला. रविवारी सकाळी तिची मॅच असायची, मग आंघोळ करून आमच्याकडे जेवायला. दंडावर निळे डाग, हनुवटी खरचटलेली, आणि भूक अशी की आठ चपात्या. एका रविवारी तिनं मला मालकांना उठवताना बघितलं. मी त्यांच्या काखेत हात घालून वर ओढत होते.

"आजी, स्टॉप. तू पूर्ण चुकीची करतेस."

"मग कसं करू? तू ये माझ्या जागी."

"नाही नाही, बघ. तू वरून ओढतेस. गार्ड कधी वरून नाही करत. लो मॅन विन्स. जो खाली असतो तो जिंकते."

तिनं मला खोलीच्या मध्ये उभं केलं. पाय खांद्याएवढे लांब. गुडघे वाकव, कंबर नको. ढुंगण खाली, छाती वर, मान ताठ. म्हणलं, "हे तर भाताची लावणी संपल्यावर उठून उभं राहायच्या आधीचं." ती म्हणाली, "काय ते माहीत नाही, पण एक्झॅक्टली." मग हात आत. बाहेरून मिठी मारायची नाही, दोन्ही हात त्याच्या छातीजवळ आत. आणि पाय थांबवायचे नाहीत, छोटी छोटी पावलं. नातीचं ऐकून म्हातारी बाई खोलीत बेडकासारखी बसली. मालक पलंगावरून बघत होते. पोट हललं त्यांचं. स्ट्रोकनंतर पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या वेळेला मालक उठले. माझ्या कंबरेत कळ आली नाही.

तिनं मग लॅपटॉपवर जुने गार्ड दाखवायला आणले. तिच्याकडे यादीच होती, इतिहासातले सगळ्यात मोठे गार्ड. म्हणाली, शिकायचं तर त्यांच्याकडून शिक. पहिले सगळे काळे-पांढरे. चिखलात लोळलेले, नंबर दिसत नाहीत, डोक्याला पातळ टोप्या, तोंडासमोर जाळी नाही. दात पडलेले. त्या काळात खेळावर घर चालायचं नाही म्हणे, सीझन संपला की दुसरं काम बघायचं. मला ते ओळखीचे वाटले. मग रंगीत आले, तसतसे गार्ड जाड होत गेले. त्यांची नावं माझ्या तोंडी बसेनात, म्हणून मी माझी नावं ठेवली. एक पाटील, कारण मिशी आणि कमरेवर हात. एक भटजी, खेळायच्या आधी काहीतरी पुटपुटायचा. एक कोल्हापूर, त्याचे खांदे तालमीतले. आयरा हसून लोळायची. पण लवकरच तीही म्हणायला लागली, "आजी, आज पाटील बघायचा की कोल्हापूर?"

मी विचारलं, "गार्ड मोठा आहे हे ठरवतात कसं? पळणारा किती पळाला ते मोजतात, फेकणारा किती फेकतो ते मोजतात. ह्याचं काय मोजायचं?"

ती थोडा वेळ चपाती मोडत राहिली. मग म्हणाली, "शेवटी दोन यार्ड पाहिजे असतात ना, आणि सगळं स्टेडियमला माहीत असतं की ही टीम कोणाच्या मागून जाणार. समोरच्यांना पण माहीत असते. तरी पण तिथूनच जातात. तो ग्रेट गार्ड."

हे मला पटलं. सिस्टर मालकांना बोलवायच्या, ते असंच होतं.

मालकांना एकच डाव आवडायचा. त्यात गार्ड आपली जागा सोडतो. बॉल सुटला की तो पुढं न जाता आपल्याच माणसांच्या मागून आडवा पळतो, टोकाला जाऊन वळतो आणि पळणाऱ्याच्या पुढं होऊन वाट काढत निघतो. एवढा बोजड माणूस, पण पळताना हलका दिसतो. मागचा त्याच्या पाठीवर हात ठेवून चाललेला असतो. पहिल्यांदा तो डाव दिसला तेव्हा मालक खुर्चीतून पुढं झाले, डावा हात वर केला आणि मोठ्यांदा म्हणाले, "माइंड युअर बॅक्स!"

आयरा वळून बघत राहिली. "आजोबांना कळलं."

"त्यांना न कळायला काय झालं. सत्तावीस वर्षं तेच केलं."

तिनं तो डाव पुन्हा लावला. पुन्हा म्हणाले. दहा वेळा लावला असेल तिनं. त्या संध्याकाळी आमच्या घरात बोलणं झालं असंच मी धरते.

गार्डबद्दल अजून एक तिनं सांगितलं. त्याचा नंबर सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा एकाच वेळी पुकारतात, तो चुकला की. पंच माईकवरून सांगतो, अमुक नंबर, फॉल्स स्टार्ट, म्हणजे बॉल सुटायच्या आधीच हलला. पाच यार्ड मागे. किंवा होल्डिंग, म्हणजे समोरच्याला धरून ठेवलं. दहा यार्ड मागे. नीट केलं तर काही नाही. मी म्हणलं, "मीठ कमी पडलं की स्वयंपाकिणीचं नाव निघतं, तसं." तिच्या आजोबांकडे बघून म्हणलं. ते टीव्हीकडे बघत राहिले.

नोव्हेंबर बरा गेला. मला जमायला लागलं आणि जमतंय याचा मला अभिमानही झाला. मंडळातली कोणी भेटायला आली तर दाखवायची, बघा कसं उठवते. त्या म्हणायच्या, "धन्य आहात तुम्ही." मी रात्री दोनदा उठत होते, दिवसा झोपत नव्हते, वजन उतरलं होतं, ते साडीत दिसत नाही. मिलिंदला फोनवर सगळं ठीक. कौन्सिलमधून कोणी फोन केला तर सगळं ठीक.

आयरानं एकदा विचारलं, "आजी, तू वीकडेजमध्ये कशी करतेस? एकटी?"

"एकटी नाही तर काय. मी गार्ड आहे ना."

"पण गार्ड एकटा नसतो. पाच असतात लाईनमध्ये."

मी ऐकलं आणि भांडी घासायला गेले.

डिसेंबरच्या एका रविवारी तिची मॅच लांब होती, स्वान्सीकडे. ती सहापर्यंत येणार होती. चारच्या सुमाराला मी मालकांना कमोडवरून उठवलं. गुडघे वाकवले, हात आत, सगळं बरोबर. पण माझा डावा गुडघाच वळला. मालक माझ्या बाजूला कलले. मी बाजूला झाले असते तर पलंगाच्या लोखंडी पायावर त्यांचं डोकं आपटलं असतं. मी बाजूला झाले नाही. आम्ही दोघं कार्पेटवर आलो, मी खाली, ते वर अर्धे.

त्यांना लागलं नव्हतं. मी त्यांच्याखालून पाय काढला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पलंगावरची रजई ओढून अंगावर टाकली. फोन टेबलावर होता. सरकत गेले असते तर पोचले असते. नाही गेले. ॲम्ब्युलन्स बोलवली तर कागदावर लिहिलं जाणार, पडले. मिलिंदला कळणार. मग जानेवारीची वाट कशाला, केंब्रिज पुढच्याच आठवड्यात. म्हणून दोन तास मी तशीच बसले. बाहेर अंधार झाला, दिवा लावता आला नाही. मालक एकदा हळूच म्हणाले, "माइंड युअर बॅक्स." म्हणलं, हो, येईल ती आता.

आयरानं किल्लीनं दार उघडलं, दिवा लावला. बॅग टाकली आणि आजोबांच्या मागं बसली. "आजी, थ्रीवर. वन, टू." दोघींनी उचललं. तेव्हा कळलं मला, दुसरं माणूस असलं की वजन अर्धं होत नाही, त्याहून कमी होतं.

मग ती माझ्या पायाजवळ बसली. साडी जरा वर करून गुडघा बघितला. सुजून काळानिळा.

"किती वेळ होती अशी?"

"आत्ताच पडलो."

"आजी, चहा थंडगार आहे. वर साय आली."

मी म्हणलं, "बाबाला सांगू नकोस."

ती म्हणाली, "होल्डिंग कधी होतं माहीत आहे? गार्ड हरलेला असतो. समोरचा त्याला पास करून गेलेला असतो. पण ते कोणाला दिसायला नको, म्हणून तो जर्सी पकडून ठेवते. तू होल्ड करतेस, आजी."

"मग काय करू? सांगितलं तर त्यांना नेतील."

"आणि नाही सांगितलं तर तू जाशील. मग पण नेतील."

एकोणीस वर्षांची मुलगी, तोंडावर बोलली. मला राग आला. मी तिला म्हणलं, जेवून घे. ती म्हणाली, नको. आयरा जेवायला नको म्हणाली तो एकच दिवस. मग टेबलाशी बसून सांगत राहिली, त्यांच्या टीममध्ये मंगळवारी सगळ्यांना एका खोलीत बसवून मॅचचं शूटिंग लावतात. प्रत्येकीची चूक सगळ्यांसमोर, थांबवून थांबवून. गार्डनं तिथं कारण द्यायचं नाही. माझी चूक, माझ्याच्यानं नाही झालं, असं म्हणायचं. मग दुसरी म्हणते, पुढच्या वेळी मी आत सरकते. "नाही सांगितलं तर कोणी सरकणार कसं?"

दुसऱ्या दिवशी तिनंच कौन्सिलला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पुन्हा असेसमेंट मागायचं होतं. मी म्हणलं, "आय टोल्ड रॉंग."

ती बाई जानेवारीत आली, तीच. मिलिंदही आला होता, केअर होमचा कागद घेऊन. तो त्यानं टेबलावर पालथा ठेवला होता, पण मला दिसला. त्या दिवशी मी घर पुसलं नाही. पोहे केले नाहीत, आणि हे मला सगळ्यात जड गेलं. आलेल्या माणसाला नुसता चहा. कमोड पलंगाशेजारी होता तिथंच ठेवला. मालकांची दाढी वाढलेली. खोलीला जो वास होता तो होता. साडी कालचीच.

"हाऊ आर यू मॅनेजिंग?"

मी मिलिंदकडे बघितलं नाही. म्हणलं, "नॉट मॅनेजिंग."

आणि सांगितलं. इंग्लिश पुरलं तिथवर इंग्लिशमध्ये, पुढं मराठीत, आयरा तिला सांगत गेली. रात्री दोनदा उठते. दिवसात सहा-सात वेळा उचलते. डिसेंबरात पडले, दोन तास जमिनीवर होतो, फोन केला नाही. गुडघा दाखवला. मोजे घालताना भिंतीला टेकते तेही सांगितलं. सांगताना अंगावरचे कपडे काढल्यासारखं वाटत होतं. मिलिंद खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठ करून. त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. दर रविवारी फोन करणारा मुलगा तो.

मग ती बाई मालकांच्या समोर गुडघ्यावर बसली. त्यांना सावकाश विचारलं, तुम्हाला कुठं राहायचंय? इथं, की मुलाजवळ, जिथं माणसं असतील? मालकांनी डाव्या हातानं कठडा धरला. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी बोटं पांढरी होईपर्यंत धरला.

मिलिंद वळला. बघितलं. टेबलावरचा कागद उचलून त्यानं घडी केली आणि कोटाच्या खिशात घातला. म्हणाला, "इथंच. पण आई एकटी नाही."

फेब्रुवारीत माणसं यायला लागली. दिवसातून चार वेळा, दोघी दोघी. एक वेल्श, एक केरळची, बाकी बदलत्या. छतापर्यंत जाणारा हॉइस्ट आला, झोळीसारखा, बटण दाबलं की मालक अलगद वर. घर माझं राहिलं नाही, हे खरं. बूट घालून आत येतात म्हणून मी पहिल्या दिवशी तोंड फुगवलं. मग त्या बुटांवर निळ्या पिशव्या चढवायला लागल्या. वेल्श बाई मालकांना हॉइस्टमधून नेताना त्यांच्याआधी ओरडायची, "माइंड युअर बॅक्स!" त्यांना ते आवडायचं. मिलिंद दर शुक्रवारी यायला लागला, रात्रीचं उठणं दोन दिवस त्याच्याकडे. पहिल्या रात्रीनंतर सकाळी तो भिंतीला टेकून उभा होता.

माझ्याकडे राहिलं एकच काम. मधल्या वेळात कुशीवर वळवायचं. रविवारी ते मॅचच्या मध्यंतराला यायचं, बरोबर. आयरा एका बाजूला, मी एका बाजूला. "थ्रीवर, आजी." तिनं मला नंबर दिला होता, सिक्स्टी-फोर. ती डावी, मी उजवी.

मालक नंतर अजून दोन अख्खे सीझन राहिले आणि अजून थोडे. यंदाच्या जूनमध्ये गेले, दुपारी, त्याच पलंगावर, खिडकी उघडी होती. मिलिंद होता, मी होते. शेवटचं काही बोलले नाहीत. जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

आता पुन्हा सप्टेंबर आहे. झाडाखाली बिया पडल्यात. आयराला नोकरी लागली, इथंच. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तिचं, यंदा खेळणार नाही, नव्या मुलींना शिकवते. मंडळात ह्या गणपतीला एका बाईनं विचारलं, "तुमचं बरं चाललंय ना आजी?" म्हणलं, "रविवार जड जातो." ती गोंधळली. मग रविवारी भाजी घेऊन आली. सांगितलं की माणूस सरकतं, हे मला पंचाहत्तरीला कळलं. आधी कळलं असतं तर मामाला हात दाखवला असता. त्यानं काय केलं असतं कोण जाणे. कदाचित काहीच नाही. पण त्याला माहीत तरी असतं.

परवाच्या रविवारी आयरा आणि मी पहिली मॅच बघितली. कोल्हापूरसारखा एक नवीन गार्ड आलाय, पाय छान चालतात त्याचे. मध्यंतराला दोन मिनिटं राहिली असतील. मी कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि दोन पावलं पलंगाकडे गेले. पलंग तिथं नाही. कौन्सिलवाले जूनमध्येच घेऊन गेले. कार्पेटवर चार चाकांचे खड्डे तेवढे आहेत, ते अजून भरले नाहीत.

आयरानं टीव्हीवरची नजर काढली नाही. शांतपणे म्हणाली, "फॉल्स स्टार्ट. नंबर सिक्स्टी-फोर. पाच यार्ड मागे."

आमच्या खोलीत पाच यार्ड मावत नाहीत. मी खुर्ची भिंतीपर्यंत मागं ओढली आणि बसले.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "सेम डाऊन. परत खेळ."

म्हणजे चूक झाली तरी डाव तोच राहतो, तो पुन्हा खेळायचा असतो. मी पाय नीट टेकवले, हात मांडीवर ठेवले आणि बॉल सुटायची वाट बघत बसले.